कॅम्प एक, कॅम्पस अनेक

एकच कॉलेज तीन देशांत कसं काय असू शकतं, हे महादेवराव मास्तरांना दोन वर्षांत एकदाही नीट समजलं नव्हतं. आणि समजलं नव्हतं म्हणूनच ते समुद्रपुरात भेटेल त्याला थांबवून सांगत. समजलेली गोष्ट सांगायचा माणसाला कंटाळा येतो. देवाबद्दल लोक इतकं बोलतात ते काय उगीच?

मास्तरांचा एकुलता एक मुलगा प्रभाकर स्कॉलरशिप मिळवून व्यापाराचं शिक्षण घ्यायला परदेशी गेला होता. पहिलं वर्ष फ्रान्समध्ये, दुसरं इंग्लंडमध्ये, आणि आता तिसरं जर्मनीत. कॉलेज तेच, सोबतची पोरं तीच, नुसता देश बदलायचा. इंग्लंडला निघाल्याचं पत्र आलं तेव्हा मास्तरांना आधी वाटलं, फ्रान्सनं पोराला काढून टाकलं. मग वाटलं, बदली झाली. बदली त्यांना बरोबर समजत होती, कारण जिल्हा परिषदेच्या शाळांमधली त्यांची उभी नोकरी बदलीतच गेली होती. पण विद्यार्थ्याची बदली, तीही आगीनगाडी आणि आगबोटीनं, सबंध वर्गासकट, आणि शिक्षा म्हणून नव्हे तर मान म्हणून? मास्तर पत्र मिटून नुसते बसून राहिले होते.

"असं समजा भैयाजी," ते शेजारच्या भैयाजींना समजावत. भैयाजी म्हणजे एस.टी.तले रिटायर कंडक्टर. "आपल्या शाळेची पह्यली समुद्रपूरले, दुसरी केळझरले अन् तिसरी वडनेरले. पोट्टे तेच. दरसाल पाटी-दप्तर घेऊन उठाचं अन् पुढच्या गावाले जाचं."

"मंग गॅदरिंग कोण्या गावाले?" भैयाजींनी विचारलं. कंडक्टरकीत त्यांना एक सवय लागली होती, सगळ्यांचं सगळं ऐकून घ्यायचं आणि मग भलत्याच स्टॉपचं तिकीट फाडायचं.

प्रभाकरच्या पत्रांतले शब्द मास्तरांनी पाठ करून ठेवले होते. कॉलेजला तो कॉलेज म्हणत नसे, कॅम्पस म्हणे. चार देशांची चार पोरं एका टेबलाशी बसून एखाद्या कारखान्याच्या अडचणीचा खल करत, त्याला तो केस म्हणे. विक्रीचा आकडा गाठायचा ते टार्गेट. माणसाला कामाची हौस लावायची ते मोटिव्हेशन, आणि त्याचा तर अख्खा पेपर होता. हौस लावण्याचा पेपर. मास्तरांना या विद्येपुढं हात जोडावेसे वाटत. एवढी वर्षं आपण पोरांना छडीनं पाढे शिकवले, आणि तिकडं हौस लावायचं शास्त्र निघालं आहे.

आता खरं पाहता हे शब्द वाचून मास्तरांनीच आधी दचकायला हवं होतं. आणीबाणीत नसबंदीची मोहीम निघाली तेव्हा मास्तरामास्तराच्या मागं केसेस लावून दिल्या होत्या. माणूस राजी करायचा, कॅम्पला न्यायचा, केस नोंदवायची. राजी करणाऱ्याला मोटिव्हेटर म्हणत. महादेवरावांचं टार्गेट पुरं झालं नाही, म्हणून त्यांची इन्क्रिमेंट अडली ती अडलीच. या गोष्टीला अजून फार दिवस झाले नव्हते. अनोळखी जीप दिसली की अजूनही खेड्यांतले बाप्ये तुरीत शिरत. पण पोराच्या कौतुकात माणूस स्वतःचं दुखणंसुद्धा विसरतो, तसे मास्तर हे साफ विसरले.

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात प्रभाकर दोन वर्षांनी सुट्टीत घरी आला, आणि मास्तरांनी ठरवलं की तो जर्मनीला जायच्या आत त्याचं लग्न उरकायचं. मुलगी ठरल्यातच जमा होती. वडनेरचे शेतकरी रूपराव, त्यांची कोकिळा. मास्तर वडनेरला असताना ती त्यांच्या वर्गात होती. चौथीत असताना इन्स्पेक्टरनं तिला प्रश्न विचारला, तर तिनं त्याला उलट विचारलं, "तुमाले येते काय?" तेव्हापासून मास्तरांच्या मनात होतं, सून आणीन तर हीच. प्रभाकरच्याही मनात असावं, कारण फ्रान्समधूनसुद्धा तो प्रत्येक पत्राच्या शेवटी विचारी, 'वडनेरकडचं काय विशेष?' वडनेरला त्याचा ना मामा होता, ना मावशी.

मास्तर एकटेच वडनेरला बोलणी करायला गेले. ओसरीवर रूपराव, त्यांचे चुलते-पुतणे, आणि कोपऱ्यात बाजेवर रूपरावांचे वडील लहानूजी. लहानूजी तरुणपणी पलटणीत होते आणि मोठ्या लढाईत जाऊन आले होते, एवढं गावाला माहीत होतं. बाकी ते कधी बोलत नसत, आणि बोलत नाहीत म्हणून कोणी विचारत नसे.

"पोट्टा काय करून राह्यला जी सध्या?" रूपरावांनी विचारलं.

झालं. कोणी विचारायचाच अवकाश होता.

"पोट्टा कॅम्पसमधी हाये," मास्तर सरसावून म्हणाले. "फ्रान्सात झालं, इंग्लंडात झालं, आता जर्मनी. इंग्रज, जर्मन, समदे एकाच जागी अभ्यास करून राह्यले. रोजच्या दोन-दोन केसेस करा लागतात. टार्गेट पुरं केल्याबिगर सुट्टी नाई. मोटिव्हेशनमधी तं त्याचा पह्यला नंबर आला."

 रूपरावांनी कातरलेली सुपारी पुन्हा पानदानात टाकली. ते सातवी पास होते. इंग्रजीत अनेकवचनाला 'स' लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कॅम्प एक, कॅम्पस अनेक. तेव्हा पोट्टा एका नाही, अनेक कॅम्पांत गेलेला आहे.

"अन् भेटते काय त्याईले?" एका पुतण्यानं जपून विचारलं.

"भेटते ना. आता आला तं ट्रान्झिस्टर घेऊन आला. अन् एक मस्त ब्लँकेट."

नसबंदीच्या कॅम्पात जाणाऱ्याला काय मिळायचं, ते वडनेरात पोरासोरांना माहीत होतं. ट्रान्झिस्टर आणि ब्लँकेट. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मास्तरांना वाटलं, पोराच्या विद्वत्तेनं ही माणसं दिपून गेली आहेत. एका अर्थी ती गेलीच होती. आपल्याकडे एका कॅम्पात माणूस धास्तावून अर्धा होतो, आणि हा पठ्ठ्या देशोदेशी हिंडून...

त्याच आठवड्यात निरोप आला. पोरीचं वय अजून लहान आहे. कोकिळा बी.ए. होऊन बसली होती. मास्तर चक्रावले. खरं कारण भैयाजींनी आणलं. जुन्या सवयीनं ते एस.टी.त कंडक्टरच्या सीटवर बसत आणि अख्ख्या गाडीचं बोलणं ऐकत.

"मास्तर, राग नका मानू," ते म्हणाले. "वडनेरले असं म्हणून राह्यले का तुमच्या प्रभाकरचं ऑपरेशन झालं. लेकरू होणार नाई म्हणते."

 प्रभाकरच्या आईनं, आनंदाबाईंनी, हे ऐकून आधी तो ट्रान्झिस्टर पाट्या-वरवंट्यामागं लपवला, जसा काही तोच डॉक्टर होता. प्रभाकर आधी खो-खो हसला, आणि लग्न मोडलं हे लक्षात आल्यावर थांबला. रात्री जेवला नाही. "बाबा, तुमी तिथं बोलले काय एवढं?" एवढंच त्यानं विचारलं. मास्तरांच्या जिवाला ते फार लागलं. ज्या शब्दांचा आपण जप केला त्याच शब्दांनी पोराचं घर बसता बसता मोडलं.

"दाखला घ्या," भैयाजी म्हणाले. "सरकारी दाखल्यापुढं कोणाची बोलाची टाप नाई. ऑपरेशन झालं नाई असं डॉक्टरच्या सहीनं लिहून आणा अन् वडनेरच्या चावडीवर चिकटवा."

चिकटवायचं सोडून बाकीचं मास्तरांना पटलं. प्रभाकरला घेऊन ते जवळच्याच एका गावच्या सरकारी दवाखान्यात गेले. दारातच कंपाउंडरनं ओळखलं. आणीबाणीतली ओळख होती.

"काऊन मास्तर, लय दिवसानं केस आणली," तो प्रभाकरकडे पाहून प्रेमानं म्हणाला. "पोट्टा लहान दिसते, पण चालते. बसवा."

बाकावर दहा-वीस माणसं होती. मास्तर घाईघाईनं आत कारकुनाकडे गेले आणि शक्य तितक्या हळू आवाजात म्हणाले, "एक दाखला पायजे होता. न झाल्याचा."

"काय न झाल्याचा?"

मास्तरांनी सांगितलं. कारकुनाला कमी ऐकू येत असावं, कारण त्यानं तोच शब्द खणखणीत आवाजात परत उच्चारला. बाकावरची माणसं सावरून बसली.

"झाल्याचा दाखला हाये, मास्तर. छापील हाये. न झाल्याचा फॉर्मच सरकारनं काढला नाई. अन् काढावा बी कसा? तसं पाह्यलं तं तालुक्यातल्या समद्याच कुवाऱ्या पोट्ट्याइले द्या लागन."

"मंग आता कसं करावं?"

कारकून मनाचा चांगला होता. त्यानं पेन कानाला लावून खरोखर विचार केला. "सोपं हाये. याचं करून टाका. झाल्याचा दाखला मी आजच्या आज देतो."

बाहेर आले तर बाकावर वडनेरची एक बाई नातवाला खोकल्याचं औषध घ्यायला बसलेली. तिनं मास्तरांना पाहिलं, प्रभाकरला पाहिलं, आतलं बोलणं तर ऐकलंच होतं. "आता चौथा कॅम्प काहाले?" असं ती नातवाला म्हणाली. मास्तर घरी येईस्तोवर वडनेरला बातमी पोचली होती.

आता महादेवराव चिडले. हा काही पोराच्या लग्नाचाच सवाल राहिला नव्हता. तीन देशांत उभ्या असलेल्या एवढ्या विद्येची दवाखान्याच्या बाकावर अशी माती व्हावी? "प्रभाकर," ते म्हणाले, "तू सोता चाल. वडनेरच्या पारावर उभा राह्य अन् तुह्या तोंडानं सांग, तू काय शिकतो. माह्या बोलण्यात चूक झाली असन. तुह्या बोलण्यात होणार नाई."

पोराच्या बोलण्यावर बापाचा एवढा विश्वास होता. पोर दोन वर्षं परक्या भाषांत शिकलेलं होतं, हे मात्र त्यांच्या लक्षात राहिलं नाही.

भैयाजींनी पुढं जाऊन माणसं जमवली. संध्याकाळी वडनेरच्या मारोतीच्या पाराभोवती सगळं गाव लोटलं. लोकांना पाहायचं होतं, तीन कॅम्प करून माणूस दिसतो कसा. रूपराव खाली मान घालून एका कडेला उभे होते. पारावर बाबूळकाठी टेकून लहानूजी बसले होते, आणि त्यांना घरी न्यायला आलेली कोकिळा त्यांच्या मागं. तिला पाहून प्रभाकरनं घसा साफ केला आणि पुस्तकात शिकवतात तसं उदाहरण घेऊन सुरुवात केली.

"समजा, आमाले या गावात साबण खपवाचा हाये. तं आमी आधी टार्गेट ठरवतो. वीस ते पंचेचाळीस वयाचे, लग्न झालेले लोक."

पुढच्या रांगेतले दोघे-तिघे उठून मागं गेले.

"कोणाले लेकरं किती, याची यादी करतो. कारण ज्याच्या घरी लेकरं जास्त, तो आपला पह्यला माणूस."

लेकरं जास्त असलेले एकेक जण मारोतीला नमस्कार करून चालू लागले.

"मंग घरोघरी जातो. नाई म्हणणारा माणूस भेटते, पण त्याले राजी करणं हेच तं खरं कौशल्य हाये. एकडाव राजी झाला का..."

राजी झाल्यावर काय होतं ते ऐकायला कोणी थांबलंच नाही. भर उन्हाळा, शेतं उलंगून मोकळी झालेली, लपायला तुरीसुद्धा नाहीत. माणसं वाट फुटेल तिकडं नुसती पांगली. भैयाजीही नळावर पाणी प्यायला म्हणून गेले ते फाट्यावरच दिसले. घडीभरात पारापाशी उरले ते बापलेक, रूपराव, कोकिळा आणि लहानूजी. लहानूजी वयात बसत नव्हते.

महादेवराव पाराच्या कडेवर बसले. त्यांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. एवढं मोठं कॉलेज आणि ते पाच माणसांना सांगता येत नाही.

तेवढ्यात लहानूजींनी तोंड उघडलं. "आता कोण्या देशाचा कॅम्प हाये म्हणता?"

"जर्मनीचा, बाबाजी," प्रभाकर म्हणाला.

"मंग पोट्टी नाई देत आमी."

"बाबा, ते ऑपरेशनचं..." रूपराव म्हणू लागले.

"ऑपरेशन गेलं चुलीत. मी जर्मनीच्या कॅम्पात होतो. तथी माणूस जाते तं कवा वापस येईन, त्याचा भरोसा नाई."

रूपराव बापाकडे पाहतच राहिले. "कैदेत होते तुमी? कवा सांगितलं नाई."

"तू कवा इचारलं?" म्हातारा म्हणाला. मग काठीच्या मुठीकडे पाहत बोलत राहिला. "आफ्रिकेत धरलं आमाले. तोबरूकले. मंग जहाजात घालून नेलं. सरकीच्या ढिगावानी बर्फ. बटाट्याचं पाणी प्याले. तारंच्या भाईर जर्मन, अंदर आमी अन् इंग्रज. मास्तर म्हणते एकाच कॅम्पात जर्मन बी हाये, इंग्रज बी हाये, अन् अभ्यास करून राह्यले. मी काय येडा हावो काय?"

 हे मास्तरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तेव्हा मागून कोकिळा सरळ प्रभाकरला म्हणाली, "कॅम्पस अन् टार्गेट राहू द्या. सकाऊन उठल्यापासून तुमी तथी काय करता, तेवढं सांगा ना बाबाजीले."

इन्स्पेक्टरला जसं सुचलं नव्हतं, तसं प्रभाकरलाही आधी सुचेना. मग तो पाराखाली मांडी घालून बसला आणि आईशी बोलावं तसं बोलू लागला.

"बाबाजी, पह्यला महिना मले नुसतं भेव वाटे. फ्रेंच येत नव्हतं. लायब्ररीत गेलो तं कपाटाले कुलूपच नाई. कोणीबी यावं, आपल्या हातानं पुस्तक घ्यावं. मी दाराशीच उभा राह्यलो, वाटलं कोणी धरन. आमी चौघं एका घरात राह्यतो. एक फ्रेंच, एक इंग्रज, एक जर्मन अन् मी. दरसाल गाव बदलते, पण चौघं तेच. पाळीपाळीनं रांधतो. ऐतवारी मी वरण-भात करतो. ते बी हातानंच जेवतात, आंगावर सांडवतात."

"इंग्रज अन् जर्मन? एका ताटात?"

"ताटं चार, बाबाजी. रांधाचा गंज एक." प्रभाकर थोडा थांबला. "एका दिवशी जेवता जेवता बापाच्या गोष्टी निघाल्या. तं दोघाचेबी बाप आफ्रिकेतच होते. एकाच साली. एक या बाजूनं, एक त्या बाजूनं. दोघं बी चूप झाले. आमाले वाटलं, आता हे जेवत नाईत. मंग जर्मन उठला अन् भांडे घासू लागला. इंग्रजानं टॉवेल घेतला अन् पुसू लागला. बोललं कोणीच नाई. मी असं कवा पाह्यलं नव्हतं, बाबाजी. मी नुसता पाह्यत राह्यलो."

  प्रभाकरनं हे पत्रात कधी लिहिलं नव्हतं. मास्तर दोन वर्षं लोकांना केसेस आणि टार्गेट सांगत फिरले, आणि कॉलेज हे होतं.

"भांडत नाईत?" लहानूजींनी विचारलं.

"भांडतात ना. रोज."

"कायच्यावरून?"

"आज भांडे कोणाच्या पाळीचे, त्याच्यावरून."

म्हाताऱ्यानं ते दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिलं. भांडे कोणाच्या पाळीचे. आणि मग तो हसला. आवाज न करता, खांदे हलवून, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत. रूपरावांनी बापाला असं हसताना जन्मात पाहिलं नव्हतं. ते घाबरून पुढं झाले, तर त्यानं हात धरून त्यांनाच खाली बसवलं.

"कोकिळे, जाशीन काय याच्या घरी?"

 कोकिळा मास्तरांकडे पाहत पुढं झाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली.  महादेवरावांनी आशीर्वादाचा हात तिच्या डोक्यावर ठेवला तो तसाच राहिला.

"रूपराव, तारीख काढा," लहानूजी म्हणाले. मग प्रभाकरला जवळ बोलावलं. "त्या जर्मन पोट्ट्याचा बाप जित्ता हाये?"

"हाये, बाबाजी."

"त्याले लग्नाले बोलावजो."

"लय म्हातारा झाला तो. एवढ्या दूर कसा येईन?"

"न याले काय झालं?" लहानूजी काठी टेकत उठले. "मी गेलतो ना त्याच्या गावाले. आता पाळी त्याची हाये."